सरकारं बोलत नाहीत तेव्हा बाहेरच्या माणसांनी बोलून काय होतं?

बाई_सातारा

नमस्कार. साताऱ्यात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते, एकोणीस वर्षं झाली. एका मुलीच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं विचारते आहे.

गेल्या मंगळवारी वर्गात अनौपचारिक राजनयाचा विषय होता. याला 'ट्रॅक टू' म्हणतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले अधिकारी जोसेफ माँटव्हिल यांनी १९८१ मध्ये हा शब्द रूढ केला. ट्रॅक वन म्हणजे सरकारनं नेमलेले राजदूत, सचिव, मंत्री. ट्रॅक टू म्हणजे निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, पत्रकार, धर्मगुरू. सही करायचा अधिकार यांना नसतो, पण दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांपर्यंत यांचा शब्द पोचतो. उदाहरण म्हणून मी नीमराणा सांगितलं. राजस्थानातल्या त्या किल्ल्यात १९९१ मध्ये भारत-पाकिस्तानचे निवृत्त मुत्सद्दी, सेनाधिकारी आणि अभ्यासक एकत्र बसले आणि त्या गावाच्या नावानंच ती बोलणी पुढं चालत राहिली.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील फौजेत आहेत, सध्या सीमेवर. म्हणाली, "मॅडम, पप्पा तिथं उभे आहेत आणि इकडं कुणीतरी किल्ल्यात बसून समोरच्यांबरोबर जेवतंय. यांना पाठवलं कुणी? आणि एवढी वर्षं बोलून मिळालं काय?"

वर्ग एकदम गप्प झाला. तेवढ्यात तास संपला. मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते.

पुस्तकात उत्तर आहे. विश्वासनिर्मिती, पूरक भूमिका, संवादाचं वातावरण. हे शब्द मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. पण ज्या मुलीचा बाप रात्री पहाऱ्यावर आहे तिच्यापुढं हे शब्द ठेवायला माझी जीभ रेटत नाही. माझा सख्खा भाऊ १९९९ मध्ये द्रासला होता. तो घरी आला. त्याच्या तुकडीतले दोघे आले नाहीत, आणि त्यातल्या एकाच्या आईला मी अजून दर दिवाळीला भेटायला जाते. तेव्हा हा प्रश्न त्या मुलीइतकाच माझाही आहे.

कुठं खरंच उपयोग झाला, कुठं नाही झाला, आणि का, हे नावागावासकट सांगा. गुळगुळीत काही नको.

फौजी_कोरेगाव

बाई, मी चोवीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून घरी आलो. पोरगी बरोबर बोलली असं माझं मत आहे.

तुमच्या भावाचंच साल घ्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयीसाहेब बसनं लाहोरला गेले, जाहीरनामा झाला. त्याच्या मागोमाग पडद्याआड बोलणी सुरू झाली. आपल्याकडून आर. के. मिश्रा, पत्रकार माणूस. त्यांच्याकडून नियाझ नाईक, त्यांचे माजी परराष्ट्र सचिव. हॉटेलच्या खोलीत काश्मीरवर तोडगा शोधत होते दोघं. आणि त्याच दिवसांत वर डोंगरावर आपल्या रिकाम्या चौक्यांत समोरचे येऊन बसले होते. खाली बोलणी, वर मोर्चे. याला मी काय म्हणू?

बोलण्याला माझा विरोध नाही. आम्हीही ताबारेषेवर फ्लॅग मीटिंगा केल्यात, समोरच्या मेजरशी हात मिळवलाय. पण तिथं जाणारा हुकमानं जातो आणि परत येऊन रिपोर्ट देतो. चुकला तर त्याला जाब विचारणारा असतो. हे बाहेरचे लोक चुकले तर जाब कुणाला विचारायचा? तुमची पोरगी हेच विचारतेय.

कृष्णाकाठ_सांगली

बाई, सुभेदारसाहेब, दोघांनाही नमस्कार. मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, आता सांगलीत असतो. मुत्सद्देगिरी माझा विषय नाही, पाणी आहे. पण पाण्याच्या नादानं मी सिंधू कराराचं जेवढं मिळेल तेवढं वाचत आलो, आणि त्या मुलीच्या "पाठवलं कुणी?" याचं एक उत्तर तिथं आहे.

१ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबानं पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचं पाणी बंद केलं. ऐन हंगाम. मे महिन्यात तात्पुरती तडजोड होऊन पाणी सुटलं, पण वाद तसाच राहिला आणि दोन्ही सरकारं आपापल्या हक्काची कागदपत्रं एकमेकांच्या तोंडावर धरून बसली. अशात १९५१ मध्ये डेव्हिड लिलिएंथल नावाचा अमेरिकन गृहस्थ दोन्ही देशांत फिरून गेला. टेनेसी खोऱ्यातल्या धरणांचा कारभार त्यानं पाहिलेला, पुढं त्यांच्या अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्षही होता. पण इथं आला तेव्हा त्याच्याकडं कसलंही पद नव्हतं. नेहरूंना भेटला, लियाकत अलींना भेटला, आणि परत जाऊन एका मासिकात लेख लिहिला. म्हणणं एवढंच की पाणी कुणाच्या मालकीचं यावर भांडत बसलात तर लढाई होईल. खोरं एक आहे, ते अभियंत्यांच्या हाती द्या, आणि पैसा जागतिक बँकेनं उभा करावा. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ते उचललं आणि दोन्ही पंतप्रधानांना पत्रं घातली. तिथून बैठकांना सुरुवात झाली. सही व्हायला १९ सप्टेंबर १९६० उजाडला.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लिलिएंथलची मूळ योजना कुणीच मानली नाही. खोरं एकत्र चालवायचं तर राहूच द्या, नद्याच वाटून टाकल्या. रावी, बियास, सतलज आपल्याला, सिंधू, झेलम, चिनाब त्यांना. म्हणजे त्या माणसाचं उत्तर चुकीचं ठरलं, पण त्याच्या लेखानं दोन्ही बाजूंना बसायला एक जागा आणि मध्ये बसणारा तिसरा मिळवून दिला. पुढं १९६५, १९७१, १९९९ या लढायांतही करार टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारतानं तो स्थगित केला, हेही त्या मुलीला सांगा, लपवू नका.

सुभेदारसाहेब, तुमच्या कारगिलच्या मुद्द्यावर. मिश्रा आणि नाईक हे नीमराण्याला जाणाऱ्यांसारखे नव्हते. ते दोन पंतप्रधानांच्या मर्जीनं बोलत होते, फक्त त्याचा गवगवा नव्हता. हा निराळा प्रकार आहे. आपण चोरवाट म्हणू. ती लढाई टाळू शकली नाही हे अगदी खरं. पण लढाई पेटल्यावर तीच वाट निरोपांना उपयोगी पडली. मिश्रा तिकडं गेले, जूनच्या अखेरीला नाईक दिल्लीत आले. लढाई त्यांनी थांबवली असं मी म्हणणार नाही. तोलोलिंग आणि टायगर हिल जवानांनी रक्त सांडून घेतलं, आणि ४ जुलैला नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनमध्ये क्लिंटनसमोर माघार कबूल करावी लागली. बाहेरच्या माणसांच्या वाट्याचं श्रेय तेवढंच द्यावं, वाढवून देऊ नये.

जाब कुणाला विचारायचा, हा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो जुना आहे. अमेरिकेत १७९९ पासून लोगन कायदा आहे. सरकारशी वाद असलेल्या परदेशी सरकारशी खाजगी माणसानं परस्पर वाटाघाटी केल्या तर तो गुन्हा. इस्रायलमध्येही पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या लोकांना भेटायला कायद्यानं बंदी होती. ती उठली जानेवारी १९९३ मध्ये, आणि त्याच महिन्यात नॉर्वेत सार्प्सबोर्ग गावाच्या एका जुन्या वाड्यात याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक हे दोन इस्रायली अभ्यासक संघटनेच्या अहमद कुरेई यांच्यासमोर बसले. यजमान होती फाफो नावाची नॉर्वेतली संशोधन संस्था. इस्रायलच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांना, योसी बेलिन यांना, ठाऊक होतं. उद्या बोभाटा झाला असता तर सरकारला म्हणता आलं असतं की दोन प्राध्यापक आहेत, आमचा काय संबंध. सगळे एका छपराखाली राहायचे, एका टेबलावर जेवायचे. चार महिने मसुदा घोटला गेला, आणि त्यात दम आहे असं दिसल्यावर मे महिन्यात उरी सावीर, म्हणजे इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे महासंचालक, येऊन बसले. तिथं प्राध्यापकांची भूमिका दुय्यम झाली. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि संघटनेचे प्रमुख अराफात यांनी हात मिळवले. यालाच ऑस्लो करार म्हणतात.

पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये राबिन यांना त्यांच्याच देशातल्या माणसानं गोळ्या घातल्या. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा, हे सगळे अवघड विषय "नंतर बघू" म्हणून ठेवलेले, ते तसेच राहिले. माझ्या मते यात गुप्ततेचाही दोष आहे. वाड्यात बसलेल्या डझनभर माणसांची मनं आठ महिन्यांत मऊ झाली, पण बाहेरच्या लाखोंना ती वाट चालायला मिळालीच नाही. त्यांच्यासमोर एकदम सही केलेला कागद आला.

एक माझ्या नोकरीतलं सांगतो. २००५ च्या पुरात मी कामावर होतो. कृष्णेला पाणी चढत होतं आणि खाली कर्नाटकात अलमट्टीतून किती क्युसेक सोडतायत यावरून दोन्ही राज्यांत रोज आरोप चालले होते. रीतसर पत्र वर जायचं, तिथून पलीकडच्या राजधानीत, मग खाली. तोवर इकडं पाणी आणखी दोन पायऱ्या चढलेलं. माझ्याकडं पलीकडच्या एका अभियंत्याचा नंबर होता. त्याची बहीण मिरजेत दिलेली, तिच्या दिराच्या लग्नात ओळख झाली होती. रात्री अकराला मी त्याला फोन करायचो, तो आकडा सांगायचा, मी आमचा सांगायचो. दरवाजा उचलायचा अधिकार ना त्याला ना मला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर बोलताना माझ्याजवळ अफवा नसायची, आकडा असायचा. पुढं अशी देवाणघेवाण रीतसर होऊ लागली. आमच्या त्या फोनांमुळं झाली असा माझा दावा नाही. पण कुणीही आम्हाला पाठवलं नव्हतं आणि आम्ही कुणाचाही घात केला नाही, एवढं मी त्या मुलीच्या डोळ्याला डोळा देऊन सांगेन.

कालव्यावर काम केलेल्याला हे लगेच कळतं. उन्हाळ्यात चाऱ्या, म्हणजे कालव्याचे लहान फाटे, साफ करायच्या असतात. तेव्हा धरणातून आवर्तन नसतं, चारी कोरडी ठणठणीत असते, आणि बघणारा म्हणतो कशाला गाळ उपसताय, पाणी कुठाय? पाणी सोडणं पाटकऱ्याच्या हातात नाही. पण ज्या दिवशी वरून पाणी सुटतं त्या दिवशी चारी बुजलेली असेल तर ते टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, रानापर्यंत पोचत नाही, वाटेतच फुटून जातं.

जुनाराजवाडा

काकांचं वाचून आपल्याच साताऱ्याचा माणूस आठवला. रंगो बापूजी.

इंग्रजांनी १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, काशीला पाठवलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. कंपनी सरकारनं त्यांना वकील म्हणून मान्यता दिली नाही. म्हणजे आजच्या भाषेत ते ट्रॅक टूच झाले, किंवा त्यांना तसं करून ठेवलं गेलं. मग त्यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बाजू मांडली, पत्रकं छापून वाटली. जॉर्ज थॉम्पसन यांच्यासारखा गुलामगिरीविरोधी वक्ता त्यांच्या बाजूनं उभा राहिला, पार्लमेंटात जोसेफ ह्यूम बोलले. जवळपास चौदा वर्षं तिथं राहिले. त्या काळात महाराज काशीलाच वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झालं. रिकाम्या हातानं परत आले, १८५७ च्या उठावाची जुळणी केली आणि नंतर कुणाला सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम आणि इतर सोळा जणांना ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर मारलं.

चौदा वर्षांत कमी कशाची होती? चिकाटी होती, पुरावे होते, इंग्रजांतलेच मित्र होते. माझ्या समजुतीप्रमाणं कमी एकाच गोष्टीची होती: समोरच्याला तडजोडीची गरज नव्हती. सातारा गिळायचा कंपनीचा विचार पक्का होता, आणि न ऐकल्यानं तिचं काहीच बिघडत नव्हतं. असं असेल तिथं बाहेरचा माणूस कितीही सच्चा असला तरी त्याचं डोकं भिंतीवर आपटतं. बाई, मुलांना साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकावर नेता तेव्हा हे नक्की सांगा. पुस्तकातल्या उदाहरणांत फक्त जिंकलेले असतात.

मिरजेची_सिस्टर

जुनाराजवाडा यांनी गरजेचं म्हटलं, त्याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे. मी मिरजेत नर्स होते, निवृत्त झाले. आमच्या चर्चच्या वाचनगटात मोझांबिकवर एकदा दोन रविवार बोललो होतो, तेव्हापासून ते डोक्यात आहे.

रोममध्ये सांत एजिदियो नावाची कॅथलिक लोकांची संस्था आहे. १९६८ मध्ये शाळा-कॉलेजच्या मुलांनी गरिबांत काम करायला सुरू केलेली. ना सैन्य, ना मोठा पैसा. मोझांबिकमध्ये त्यांचं मदतकार्य चालायचं, आणि तिथल्या बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्वेस त्यांचे मित्र. तिथं १९७७ पासून सरकारपक्ष फ्रेलिमो आणि बंडखोर रेनामो यांची लढाई चाललेली. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, लढाईनं आणि भुकेनं. जुलै १९९० मध्ये दोन्ही बाजू रोममधल्या त्या जुन्या मठात आल्या. मध्ये बसणारे चार: संस्थेचे आंद्रेआ रिकार्दी आणि मात्तेओ झुप्पी, तो बिशप, आणि इटलीच्या सरकारकडून मारिओ राफाएल्ली. सत्तावीस महिने हे चाललं. रेनामोचे लोक रानातून आलेले. त्यांच्याशी कुणी बरोबरीनं बोलत नव्हतं, इथं कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. ४ ऑक्टोबर १९९२ ला करार झाला.

मला पेशंटच्या नातेवाइकांवरून हे कळतं. दोन भाऊ वॉर्डबाहेर भांडत असतात, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, पण रात्रपाळीच्या सिस्टरनं बाजूला बसवून पाणी दिलं की बोलतात, कारण तिला त्यांच्याकडून काही नको असतं. पण दोघंही दमलेले असतील तरच. मोझांबिकमध्ये १९९२ ला भयंकर दुष्काळ पडला होता. सैनिकांनाच खायला नव्हतं. ताज्या दमाच्या माणसाला पाणी देऊन काही होत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आणि एक. करारावर शाई वाळल्यावर त्या मठातल्या लोकांनी सैनिकांच्या बंदुका गोळा केल्या नाहीत, ते त्यांना जमणारही नव्हतं. ते काम संयुक्त राष्ट्रांच्या हजारो शांतिसैनिकांनी येऊन केलं. आपलं संपलं की चार्ज दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो.

फौजी_कोरेगाव

सगळं वाचलं. काकांच्या फोनाच्या गोष्टीवर मी हरकत घेणार नाही. आमच्यातही असं असतं.

पण एक अट ठेवतो. बोलून आलेला माणूस घरी आल्यावर आपल्या लोकांना खरं सांगणारा पाहिजे, समोरचा काय म्हणतो हेही, आणि आपल्याला न आवडणारं असलं तरी. तिकडं एक आणि इकडं एक बोलला की तो कामाचा नाही. आणि त्याच्या बोलण्यामुळं पहारा सैल पडता कामा नये. बोलणी चालू आहेत म्हणजे चौकी रिकामी ठेवायला चालतं, असं कारगिलच्या आधी कुणाला वाटलं असेल तर ती चूक बोलणाऱ्यांची नव्हती, हे मी आज मान्य करतो. एवढं त्या पोरीला माझ्याकडून सांगा.

बाई_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तास झाला.

मी फळ्यावर व्याख्या लिहिली नाही. आधी रंगो बापूजी सांगितले, कारण ते नाव मुलांच्या ओळखीचं आहे आणि तिथं हार आहे. मग लिलिएंथल, मग ऑस्लो, मग मोझांबिक. सुभेदारदादांची अट त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवली. काकांच्या चारीपाशी मुलं जरा थांबली. निम्म्या वर्गाचं रान कालव्यावर आहे, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

ती मुलगी शेवटपर्यंत काही बोलली नाही. तास सुटल्यावर टेबलाशी आली. वहीत तिनं एवढंच लिहिलं होतं: "लिलिएंथल. पाठवलं कुणी नाही. परत जाऊन सगळ्यांना दिसेल असं लिहिलं." मला म्हणाली, "मॅडम, हा माणूस चालेल मला. ते वाड्यात लपून बसलेले अजून पटत नाहीत." मी म्हटलं, पटायलाच पाहिजेत असं नाही. तर म्हणाली, "रविवारी पप्पांचा फोन येतो. त्यांना विचारते." आणि गेली.

काका, येत्या शुक्रवारी दुसरा आणि तिसरा तास माझ्याकडं आहे. सांगलीहून सकाळच्या एसटीनं निघालात तर मी स्टँडवर घ्यायला येते. सुभेदारदादा, कोरेगाव काही लांब नाही, तुम्हीही या. तिचे प्रश्न तुमच्यासाठी आहेत.

कृष्णाकाठ_सांगली

येतो. सिंधू खोऱ्याचा एक मोठा नकाशा आहे माझ्याकडं, कापडावर चिकटवलेला. भिंतीला दोन खिळे तेवढे मारून ठेवा.

फौजी_कोरेगाव

शुक्रवारी दहाला कॉलेजच्या गेटवर हजर.